ओली दस्ती

माय, पहिले त माफी मागते. माह्यं लिहिणं चुकते अन् टायपिंग लय धीरे होते, एका बोटानं. फोनबी आपलंच डोकं चालवते. मी ‘तुले’ लिहिलं की तो त्याचं ‘तुला’ करून टाकते, मंग मी मागं जाऊन पुन्हा ‘तुले’ करते. तुले काय म्हणून हाक मारू, यातच बराच वेळ गेला. लहानपणी मी तुले मायच म्हणत होती. मंग आपल्या तालुक्याच्या जळगावच्या इंग्लिश शाळेत माह्यं नाव टाकलं. पहिल्या दिवशी बस यायच्या आधी तू माह्या केसाले तेल लावून राह्यली होती अन् म्हणाली, “आजपासून मले मम्मी म्हणजो. तिथं सगळे लेकरं मम्मीच म्हणतात.” मी म्हटलं, “घरीबी?” तू म्हणाली, “घरीबी. घरी म्हटलं नाही त तिथं कसं तोंडात येईन?” माह्या पाठच्या बहिणीले, छोटीले, त तू मम्मीच माहीत हाय, भिंतीवरच्या फोटोतली मम्मी. पण आज माह्या बोटात मायच आलं. म्हणून माय.

मागच्या टिनाखाली तुह्या चुली होत्या ते मले अजून दिसते. उलटं ठेवलेलं खापर, त्याच्या खाली पऱ्हाटीचा जाळ. तू मांड्याचा उंडा, पुरण भरलेला गोळा, हातावर घेते, जरासा लाटते, मंग दोन्ही हातावर फिरवत राहते. तो पसरत पसरत मनगटावर येते, मंग कोपरापर्यंत जाते, इतका पातळ की पलीकडचा जाळ त्याच्यातून पिवळा दिसते. अन् एका झटक्यात तू तो खापरावर टाकते. हातातल्या बांगड्या तू काढून खुंटीले अडकवून ठेवत होती, एकच हिरवी ठेवत होती, तीबी दोऱ्यानं वर बांधून. पहिला मांडा गाईले. दुसऱ्यापासून लोकाईचे. पहिले गावातल्याच लग्नाचे मांडे करत होती तू, मंग नांदुऱ्याहून बोलावणं आलं, मंग शेगाव, मंग अकोल्याच्या मोठ्या हॉलमधले लोक गाडी पाठवाले लागले. बाबानं दुसऱ्याच्या वावरात मजुरीले जाणं सोडलं अन् ते तुह्ये खापरं, परातीच नेऊ-आणू लागले. मागच्या दोन खोल्या पक्क्या झाल्या. फ्रिज आला. शाळेची पिवळी बस आपल्या दारापुढं हॉर्न वाजवाले लागली, तवा गल्लीतल्या बाया ओट्यावर येऊन पाहत. अन् टेबल आला. अभ्यासाचा, ड्रॉवरवाला. तू त्याच्यावर हात फिरवला अन् म्हणाली, “याच्यावर पिठाचा एक कण दिसला नाही पाहिजे मले.”

तुले आठवते का, काकू त्या दिवसात तुह्या हाताखाली होती. शेजारची, काळी काकू. ती येताना आपल्या पोरीले संग आणत होती, ताईले. ताई माह्याहून दोन-चार वर्षानं मोठी. पोरीईले मांडा शिकवाची रीत तुमची सगळ्याईची एकच. पहिले पीठ नाही देत हातात, दस्ती देतात, ओली करून. ओला रुमाल हातावर टाकाचा अन् फिरवत फिरवत कोपरापर्यंत न्याचा, न पाडता, न चुरगळता. दस्ती जमली की मंग पीठ. ताई चुलीपाशी उभी राहून दिवसभर दस्ती फिरवत राहे. एक दिवस मीबी माह्या युनिफॉर्मचा रुमाल ओला केला अन् टेबलामागं उभी राहून फिरवाले लागली. कोपरापर्यंत आला होता, माय. जमलाच होता. तू मागून आली अन् हातावर अशी चापट मारली की रुमाल भिंतीले जाऊन चिपकला. “हे पाह्यासाठी चुलीत हात जाळते का मी? ताई शिकते कारण तिले शिकाच लागते. तुले लागत नाही.” काकू तिथंच उंडे भरत होती. तिनं मान वर नाही केली. ताईनं केली. ती माह्याकडं नाही, टेबलाकडं पाहून राह्यली होती.

मी सहावीत असताना तू गेली. साधा ताप म्हणता म्हणता. छोटी तवा बाबाच्या खांद्यावरच झोपत होती, तिले काही समजलं नाही. लोकाईले वाटलं, आपलं बरं हाय, घर हाय, फ्रिज हाय, एवढं मोठं नाव हाय. मलेबी वाटलं. पण नाव घराले नव्हतं, माय, तुह्या हाताले होतं. पुढच्या लग्नसराईत लोक आले, बाबाले विचारलं, “वैनीचा हात कोणापाशी हाय आता?” बाबानं काकूचं घर दाखवलं. दुसरं काय दाखवतीन? काकूनं आपलं काही नेलं नाही, हे मी आता समजते. तू जे तिच्या पोरीले देलं तेच ती घेऊन गेली. आपल्याकडं खापरं राहिले अन् त्यावर टाकणारं कोणी नव्हतं. बाबा पुन्हा वावरात जाऊ लागले. पिवळी बस आठवीपर्यंत आली, मंग बंद झाली.

नववीले मी गावाजवळच्या मराठी शाळेत गेली. तिथं सरनं पहिल्याच दिवशी उभं करून धडा वाचाले लावला. मले एकेक अक्षर लावत वाचावं लागे. पोरी हसल्या. “इंग्लिश मॅडम, पाणी पेजा, थकल्या असान,” एक म्हणाली. मी तशीबी बोलत नव्हती कोणाशी, तुले त माहीतच हाय, पाहुणे आले की मी कोठीत जाऊन बसत होती. त्या दिवसापासून शाळेत माह्यं तोंड उघडलंच नाही. दिवाळीनंतर मी गेलीच नाही. बाबा एकदाच म्हणाले, “जाय न व.” मी म्हटलं, “नाही.” बाबा बूट घालून वावरात निघून गेले.

मंग मी काकूच्या दारात जाऊन उभी राहिली. काकू म्हणाली, “दस्ती आणली का?” एवढंच. ज्या वयात हात लोण्यासारखा वळते ते वय माह्यं टेबलापाशी गेलं होतं. कोपर असा अकडला होता की उंडा कोपरावर आला की फाटे. काकू म्हणे, “हा मांडा नाही, मच्छरदाणी हाय.” सगळ्या बाया हसत. पण हे हसणं शाळेसारखं नव्हतं. हसून त्याच बाया मले पुन्हा उंडा देत.

आता मले येते. ताईसारखं नाही, तुह्यासारखं त नाहीच, पण येते. ताई आता मोठी मालकीण हाय. तिची स्कूटी हाय, अकोल्याचे लोक तिलेच फोन करतात. मी तिच्या संग जाते. अन् मी मनात एकच गोष्ट पक्की धरली होती, छोटी खापराजवळ येणार नाही. ती पाचवीत हाय, हुशार हाय, माह्यासारखी मुकी नाही, कोणाशीबी भांडते. मी कमवीन, ती शिकीन. तू माह्यासाठी जे करत होती तेच मी तिच्यासाठी करीन. मले वाटलं हे पाहून तुले बरं वाटीन.

मागच्या हप्त्यात जळगावले एका लग्नात होतो. शाळेले सुट्ट्या, बाबा वावरात, म्हणून छोटीले संग नेलं होतं. मांडवामागं आमच्या चुली, पुढं डीजे. मी खापरावरचा मांडा उचलून वळली त छोटीनं परातीतला उंडा हातावर घेतलेला. कोणी शिकवलं नाही, माय. दुरून पाहून पाहून. मनगटापर्यंत आला होता, गोल. माह्या हातानं विचार केलाच नाही. चापट बसली. उंडा राखेत.

“हात लावाचा नाही म्हटलं न! जाय, पुस्तक घेऊन बस.”

छोटी रडली नाही. “लग्नात पुस्तक कोण आणते व?” म्हणाली.

बाया खदखदून हसल्या. काकू नाही हसली. तिनं राखेतला उंडा उचलला, झटकला, गाईच्या टोपल्यात टाकला अन् म्हणाली, “हुबेहूब मायवर गेली तू. तिनंबी अशीच चापट मारली होती, मी तिथंच होती. काय झालं मंग? तू ना शाळेची राहिली ना खापराची. माह्या दारात येऊन उभी राहिली.”

“आई, चूप बस व,” ताई म्हणाली.

“काऊन चूप बसू? खोटं बोलते का मी?”

मी पुढचा उंडा घेतला अन् तो फाटला. ताई माह्या बाजूले येऊन उभी राहिली, दोघी एकाच खापरावर. ती हळूच म्हणाली, “तुमच्या घरी मी मांडा शिकाले नव्हती येत व. टेबल पाहाले येत होती. तुह्या मायचा लय राग ये मले तवा. मंग समजलं, मायबाप हातात असते तेच देतात. तिच्या हातात टेबल होता, तिनं टेबल देला. माह्या मायच्या हातात दस्ती होती.” मंग खापरावरचा मांडा उचलून म्हणाली, “दोन्ही कोणाले भेटलं सांग?”

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी अन् त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुह्याशी लय भांडली, मनात. काऊन नाही शिकवलं? जमला होता न रुमाल? तू मले एक पायरी वर ठेवलं, पण ती पायरी म्हणजे तूच होती. मंग वाटलं, तुले कसं माहीत असणार. कोणती माय असा विचार करते की उद्या मी नसीन? करत असती त तिनं टेबल आणलाच नसता. अन् टेबल आणला त्या दिवशी तू किती हसून राह्यली होती, ते मले आठवते. ते हसणं मले परत नाही करता येत, अन् करावंबी वाटत नाही.

आज सकाळी मी गाभण शेळीले चारा टाकाले अंगणात आली त छोटी हौदापाशी उभी. मले पाहून दोन्ही हात मागं लपवले. मागून पाणी टपकून राह्यलं होतं. मी म्हटलं, “दाखव.” तिनं दाखवली. बाबाची जुनी दस्ती, ओली. ती चापटेची वाट पाहत उभी. मी म्हटलं, “कोपर खाली पाडते तू. वर धर.” तिले ते खरं नाही वाटलं. मंग मी अट घातली, दस्ती फिरवताना इंग्लिश स्पेलिंग म्हणाच्या, मी विचारीन. मले मराठी धड लिहिता येत नाही, पण तुह्या पैशाच्या स्पेलिंग माह्या अजून पक्क्या हायेत. “एलिफंट,” मी म्हटलं. ती दस्ती फिरवत ई, एल, ई करत गेली, पी-एच वर अडकली अन् दस्ती पाडली. “पुन्हा,” मी म्हटलं. बाबा दारात उभे राहून पाहत होते, चहा थंडा करून टाकला त्याईनं. जूनमध्ये तिले जळगावच्या शाळेत टाकाचं, असं मी अन् ताईनं ठरवलं हाय. अन् दस्तीबी चालूच राहीन. टेबलावर पीठ सांडलं त सांडलं, माय, पुसून घेऊ.

एक गोष्ट राहिली, ती कोणालेच सांगितली नाही. सगळ्याईले वाटते मी मजबुरीनं खापरापाशी आली. बाबाले वाटते, म्हणून ते माह्या भाजलेल्या हाताकडं पाहत नाहीत. पण मले ते काम आवडते. खापरासमोर कोणी मले उभं राहून बोलाले लावत नाही. मांडा कोपरावर आला अन् त्याच्यातून जाळ पिवळा दिसला की मले आतून लय शांत वाटते. तू ज्याच्यापासून मले वाचवत होती, ते मले आवडते. राग नोको मानू.

हे पाठवाले जागा नाही. तुहा नंबर आता कोण्या माणसाले भेटला हाय, त्याच्या व्हॉट्सॲपच्या फोटोत लाल ट्रॅक्टर हाय. म्हणून इथंच ठेवते, फोनमध्ये.

थांब, छोटी ओरडून राह्यली. आपली शेळी व्याली. दोन पिल्लं, एक पूर्ण पांढरं.