दर मंगळवारचा बुडणारा

ता. ३ मार्च
जहाजावरून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे आणि दर मंगळवारी बुडतो. घाबरू नकोस, नोकरीचाच भाग आहे.

आमचं जहाज या काठावरून त्या काठावर माणसं आणि गाड्या नेतं. आठवड्यातून एकदा ‘माणूस पाण्यात’ अशी कवायत होते. कोणीतरी पडलं असं समजायचं, भोंगा वाजवायचा, बचाव होडी सोडायची आणि पडलेल्याला उचलून आणायचं. आधी यासाठी एक कापडी बाहुला होता. तो भिजून भिजून इतका जड झाला, की गेल्या महिन्यात खरोखरच बुडाला आणि कोणालाही वाचवता आला नाही. सगळ्यांनी टोप्या काढल्या. मग कप्तानांनी विचारलं, आता कोण? त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत माझा हात वर होता.

कारण सांगतो, पण घरी बोलू नकोस. बचाव होडी जी चालवते तिला सगळे शिट्टी म्हणतात, कारण माणसांशी बोलण्यापेक्षा गळ्यातली शिट्टी फुंकणं तिला सोपं वाटतं. ती येते, वाकते, माझी कॉलर धरते आणि मला ओल्या गादीसारखं आत ओढून घेते. ताई, आयुष्यात मला कोणी इतक्या आपुलकीनं ओढलेलं नाही. गेल्या मंगळवारी तर तिनं विचारलं, पाणी फार गार आहे का? मी नाही म्हणालो, पण दात इतके वाजत होते की एवढ्याशा शब्दाला बराच वेळ लागला.

आता बाबांचं. त्यांनी निरोप धाडलाय, की महिनाअखेर दातांच्या कॉलेजात परत हजर झालो नाही तर घराचं दार बंद. कॉलेज मी का सोडलं ते तुला माहीत आहे. सरांनी एका आजींचा धडधाकट दात उपटायला सांगितला, मी नाही म्हणालो, ते ओरडले, मी जास्त ओरडलो. चूक ओरडण्यात असेल, दातात नव्हती. पण बाबांना हे सांगणार कोण? आयुष्यभर त्यांच्यासमोर जो बसला त्याच्या तोंडात हत्यार होतं. उलट उत्तराची त्यांना सवयच नाही. तूच सांग. मला ही नोकरी सोडवत नाही आणि घर तोडवत नाही.

लोभ आहेच, तो असाच तरंगता ठेवावा.

तुझा ओलाचिंब
धाकोबा


ता. ९ मार्च
घरून

चि. धाकोबास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी हसत वाचलं आणि ह्यांनी गंभीरपणे. ह्यांची एकच शंका आहे: त्या मुलीला तुझं नाव तरी माहीत आहे, की जुना बाहुला गेला आणि नवा आला एवढीच तिची समजूत आहे? लोक प्रेमात पडायला बागेत जातात, तू सरळ पाण्यात पडलास. सोबत सर्दीचं औषध धाडते आहे. शिंकणाऱ्याकडे कोणतीही मुलगी दुसऱ्यांदा बघत नाही. मी बघितलं, ती चूक झाली, असं ह्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणत लिहिते आहे.

बाबांकडे जाऊन आले. विषय काढला तेव्हा खुर्चीत एक पेशंट तोंड वासून पडला होता. बाबांनी त्यालाच विचारलं, की बापाची तयार खुर्ची टाकून जो मुलगा डुबक्या मारत बसतो त्याला काय म्हणावं? तो बिचारा ‘आ’ म्हणाला. बाबा म्हणाले, बघ, परक्यालाही पटतं. निघताना मात्र मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, त्याला नीट पोहता येतं ना? म्हणजे माया आटलेली नाही, रागाखाली दबली आहे. आणि राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर असतो. तुझं नाक कोणावर गेलंय ते आरशात बघ.

महिनाअखेरीचं मात्र ते खरं करतील. नोकरी टिकली तर मला तुझ्या बाजूनं बोलायला तोंड राहील. तेव्हा कृपा कर आणि तिथं कोणाशी भांडू नकोस.

आमची माया गृहीत धर, तुझं उत्तर आम्हाला गृहीत धरायला लावू नकोस.

तुझी
ताई


ता. १८ मार्च
जहाजावरून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भांडू नकोस हे तुझं पत्र दुपारी मिळालं. मी सकाळीच भांडून बसलो होतो. दोष टपालाचा.

कंपनीनं एक इंजिनियर पाठवलाय. भर वाऱ्यात त्याचा एक केस हलत नाही. त्यानं आम्हा सगळ्यांच्या मनगटावर एकेक बिल्ला बांधला. बिल्ला पाण्यात गेला, की कप्तानांच्या खोलीत घंटा वाजते आणि पडद्यावर ठिपका येतो: माणूस इथे आहे. शिट्टी त्या ठिपक्याकडे ज्या नजरेनं बघत होती, त्या नजरेनं तिनं मला बुडतानासुद्धा कधी बघितलेलं नाही. वर त्यानं एक रबरी बाहुला आणलाय, माझ्याच वजनाचा. म्हणजे माझी जागाही गेली. माझं डोकं फिरलं. मी चारचौघांत म्हणालो, की यंत्र बिघडलं तर माणसानं काय बिल्ला चावत बसायचं? आमच्या जुन्या रीतीत काय वाईट आहे?

जुनी रीत अशी. कोणी पडलं, की ज्यानं बघितलं त्यानं त्या माणसाकडे हात करून उभं राहायचं. बस्स. दुसरं काही करायचं नाही, नजर काढायची नाही. होडी पाण्याला टेकलेली असते, तिच्यातून लाटांआडचं डोकं दिसत नाही. म्हणून होडीवाली मागे वळून जहाजावरचा हात बघते आणि तो दाखवेल तिकडे होडी घालते. मी पैज मारली: एकदा हातावर, एकदा बिल्ल्यावर. हात अर्थात माझा.

बाहुला टाकला. शिट्टी निघाली. मी हात केला. ताई, ती लाटांवरून अशी चालली होती की बघत राहावं. ती वळून बघायची आणि हाताच्या दिशेनं जायची. पुन्हा वळायची, पुन्हा सरळ. बाहुला डावीकडे राहिला आणि ती उजवीकडे लांब लांब निघाली. शेवटी कप्तानांनी कानाशी येऊन विचारलं, की मी नक्की काय दाखवतोय. तेव्हा मला कळलं. माझा हात बाहुल्याकडे नव्हताच. तिच्याकडे होता! ती जाईल तिकडे माझा हात, आणि माझा हात जाईल तिकडे ती. भोंगा देऊन परत बोलावलं नसतं तर बाई दुसऱ्या देशात पोचल्या असत्या.

कठड्यावरच्या उतारूंना सगळं कळलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग बिल्ल्याची पाळी आली, तो बाहुल्याला बांधून पुन्हा टाकला. घंटा, ठिपका, बाहुला होडीत. संपलं.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाली, की रबराचा होता म्हणून ठीक, माणूस असता तर आपण आत्ता त्याचं प्रेत शोधत असतो. कप्तान म्हणाले, आणखी एक चूक आणि सामान बांध.

या वेळी आशीर्वाद जरा जास्त घाल.

तुझा
धाकोबा


ता. २७ मार्च
घरून

चि. धाकोबास,
आशीर्वाद, पण आधी जाब.

काल संध्याकाळी बाबा कोणाच्या तरी निळ्या खलाशी कपड्यांत घरी आले. बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबत होत्या. तुला कान धरून आणायला ते आम्हाला न सांगता निघाले होते म्हणे. तिकीट काढून तुमच्या जहाजावर चढले. तू खाली गाड्यांपाशी दोर गुंडाळत होतास. त्यांनी वरच्या मजल्यावरून हाक मारली, ती इंजिनाच्या आवाजात तुला ऐकू गेली नाही. बोलणी नीट पोचावीत म्हणून ते वाकले, आणखी वाकले, आणि बोलण्यांसकट पाण्यात गेले.

पण त्यांचं दुःख पडण्याचं नाही. बाप बुडतोय आणि कार्टं बापाकडे हात करून उभं आहे, जसं काही लोकांना दाखवतंय की ते बघा आमचे बाबा! हे ते कालपासून प्रत्येकाला सांगताहेत. प्रत्येक वेळी डोकं वर आलं की तेच दृश्य: तू उभा, हात लांब, जागचा हलत नाहीस. उडी नाही, रडणं नाही. आता म्हणतात, महिनाअखेरीची वाट कशाला, दार आजच बंद.

मी तुझी बाजू घेतली, पण खरं सांगू, मलाही टोचलं. त्या मुलीसाठी तू दर मंगळवारी उडी मारायचास. बाबांसाठी एक मारवली नाही?

उत्तर असेल तर ताबडतोब लिही. नसेल तरी लिही.

तुझी
ताई


ता. ३० मार्च
जहाजावरून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मारणारच होतो. माझा एक पाय कठड्यापलीकडे होता.

वर बघितलं तेव्हा बाबा हवेत होते आणि वाक्य अर्ध्यावर होतं. उरलेलं त्यांनी पाण्यात पुरं केलं. मी ‘माणूस पाण्यात’ म्हणून बोंब ठोकली, हाताशी होतं ते तरंगतं कडं फेकलं, आणि घंटेची वाट बघितली. घंटा वाजलीच नाही. बिल्ले आम्हा नोकरांना, उतारूंच्या मनगटावर कुठून येणार? पडदा कोरा. इंजिनियर धावत आला, केस पहिल्यांदाच विस्कटलेले.

जहाज काही सायकल नव्हे, की ब्रेक दाबला आणि थांबली. ते पुढे जातच होतं. त्या बाजूला बाबांना बघणारा मी एकटा होतो. मी उडी मारली असती तर पाण्यात दोन डोकी झाली असती आणि ती कुठे आहेत हे सांगणारं कोणी उरलं नसतं. ताई, हे मला शहाणपणानं सुचलं नाही. ते प्रेत शोधण्याचं वाक्य डोक्यात बसलं होतं. मी पाय मागे घेतला आणि हात केला.

बाबांचं पांढरं डोकं दिसायचं, लाट यायची, जायचं. नसेल तेव्हा, ते जिथं वर यायला हवं तिथं मी हात धरून ठेवायचो. वर आले की माझ्यावर ओरडायचे. ओरडताहेत तोवर जिवंत आहेत, एवढाच हिशोब. त्यांच्या शिव्या मी आयुष्यात इतक्या आनंदानं खाल्ल्या नाहीत. होडी निघाली हे मला फक्त आवाजावरून कळलं. शिट्टी कितीदा मागे वळली, कशी दिसत होती, काही सांगू शकत नाही. मी बघितलंच नाही. हात बधिर झाला तेव्हा दुसऱ्या हातानं तो उचलून धरला. बाबांच्या कॉलरला तिचा हात लागला, तेव्हाच मी नजर काढली.

पुढचं तिनं सांगितलं. होडीत ती बाबांवर ओरडत होती की हलू नका. बाबा तळाशी पडून तिच्या उघड्या तोंडाकडे बघत होते. खोकता खोकता म्हणाले, डावीकडची मागची दाढ किडली आहे, दुर्लक्ष करू नये. मग ती वर आली. माझा हात अजून तसाच ताठ होता, खाली येईना. तिनं तो धरून हळूहळू खाली आणला आणि माझं नाव विचारलं. म्हणजे भावोजींची शंका बरोबर होती!

इंजिनियर आता कठड्याच्या बाहेरच्या अंगाला कॅमेरे बसवतोय. बिल्ला असो नसो, कोणी पडलं की घंटा वाजेल. लोक कुठून आणि कसे वाकतात ते मला विचारतो, मी सांगतो. माणूस वाईट नाही. कॅमेरे आले तरी हात करणारा राहणारच, असं कप्तानांनी ठरवलंय, आणि माझ्या बाजूला तो मीच.

बाबांनी दार उघडावं असा हट्ट नाही. पण उडी का मारली नाही ते त्यांना एकदा वाचून दाखव. मध्येच ओरडले तरी थांबू नकोस.

कृपा पातळ झाली असेल, आटू देऊ नये.

तुझा
धाकोबा


ता. ५ एप्रिल
दवाखान्यातून

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. (सवयीने लिहिले आहेत, पण खोडत नाही.)

तुझ्या ताईने तुझे पत्र भर दवाखान्यात मोठ्याने वाचले. खुर्चीत पेशंट होता. त्याने हाताने माझी हत्यारे बाजूला सारली आणि पोराने बरोबर केले असे स्पष्ट शब्दांत सांगितले. त्याला पुन्हा आ करायला लावून मी काम पुरे केले.

तुमचा वरचा कठडा बोलणाऱ्या माणसाच्या मानाने फार बुटका आहे. कप्तानांना माझे नाव घेऊन सांगावे. निळे कपडे धुऊन पाठवीत आहे. त्या मुलीला म्हणावे, दाढ आपोआप बरी होत नसते. तिने केव्हाही यावे. भीती वाटत असेल तर तू सोबत यावेस. दार लोटलेले असते, कडी लावत नाही.

कॉलेजात तुझी जागा अडवून ठेवली होती, ती सोडायला कळविले आहे. खुर्चीपाशी मी अजून बरीच वर्षे उभा राहू शकेन.

एक पाय कठड्यापलीकडे होता, हे वाक्य मी ताईला पुन्हा वाचायला लावले. तुझ्या जागी मी असतो तर दुसराही टाकला असता. मला ओळखतोस. मग ताईच्या भिंतीवर आपले दोन फोटो शेजारी शेजारी लागले असते, आणि तिथेही आपण भांडत बसलो असतो.

लोभ आहे. बोलून दाखवायची सवय नाही.

बाबा