संत्र्याच्या पेट्यांत गेलेले कागद

प्रिय कमल,

विधवेच्या नावाआधी गं. भा. लिहायची रीत आहे. मी लिहिलं नाही. तुला आता कोण हटकणार? मला मात्र हटकतील, ही धास्ती आहेच.

आजच लिहायला बसलो, कारण अंगणात पुन्हा संत्र्याच्या पेट्या ठोकणं चालू आहे. तुझ्या सासूनं सकाळीच विचारलं, "ते उरलेलं कागदाचं गाठोडं कुठं ठेवलं?" मी त्याच्यावरच बसलो होतो! 

स्वातंत्र्याचा झेंडा लागला त्या वर्षी माझा लेक, आपला वसंता गेला. मी चौथी शिकलेला माणूस, पण सुनेला नागपूरला कॉलेजात घातलं. लोक म्हणाले, बुढ्यानं सून विकली. तू अर्थशास्त्र शिकलीस. सरकारात बायांच्या कामाचा, मजुरीचा अभ्यास करायला लागलीस. आणि त्यासाठी आलीस ती आपल्याच मुलखात! कशाला आलीस ग?

रामाकोन्याच्या वावरात बाया कापूस वेचत होत्या. मी सोबत होतो. एक म्हणाली, "पांढऱ्या कपाळाची सकाळीच कायले आली व? बोहनी खराब केली." तू दुपारपर्यंत बांधावर उभी राहिलीस. मग त्यांच्याबरोबर वेचायला लागलीस.

'काम करता का' असं तू कधी विचारत नव्हतीस. तसं विचारलं की सगळ्या 'नाही, घरीच असतो' म्हणतात. तू विचारायचीस, "सकाळी उठून आधी काय केलं?" मग म्हणायचीस, "मग?" पुन्हा, "मग?" दिवस कलला तरी त्यांचं संपायचं नाही. तू लिहीत राहायचीस. म्हणायचीस, "मामंजी, हे दिल्लीपर्यंत पोचवीन."

मग राज्यांच्या वाटण्या नव्यानं झाल्या. नागपूर तिकडे गेलं, आपले सौसर-पांढुर्णा इकडे, भोपाळच्या राज्यात राहिले. नागपूरचा साहेब म्हणाला, "तुमच्या बाया आता आमच्या राज्यात नाहीत." भोपाळचा म्हणाला, "मराठी यहाँ कौन पढ़ेगा?" दोघांनी मिळून तुला घरी बसवलं. लिहिलेल्या कागदांची गाठोडी घेऊन तू परत आलीस.

त्याच बहाराला तुझ्या सासूनं ते कागद पेट्यांत घातले, गवताऐवजी. बायांचं सांगणं दिल्लीला पोचलं खरं, संत्र्यांच्या खाली दबून. पांढुर्ण्याच्या स्टेशनात एक पेटी फुटली आणि तू आपलं अक्षर ओळखलंस. ओरडायचं तरी होतंस! एवढंच म्हणालीस, "गवत महाग झालं का, मामंजी?" उन्हाळ्यात तापानं तू गेलीस. तुझी सासू म्हणाली, "सुटली एकदाची."

आज धीर करून तिला विचारलं, "कागद कायले घातले होते?"

ती उसळली. "रामाकोना, मोहगाव, गावोगावच्या बायांले पुसत फिरे तुमची सून. मी हिथं चुलीपुढं जळून राहिली. मले एकदा तरी पुसलं?"

कमल, खरंच का ग नाही विचारलंस? तुझ्या ताटात भाकरी तीच टाकत होती ना?

मग मीच विचारलं, तुझ्यासारखं. "सकाळी उठून आधी काय केलं?"

"तुमचं थोबाड पाह्यलं. तिथूनच दिवस नासला."

"मग?"

"मग पाणी आणलं."

"मग?"

पेट्या ठोकणारे खोळंबले, पण तिचं संपेना. शेवटी म्हणाली, "वसंता गेला त्या दिवशीबी म्हैस मीच पिळली. तिले काय सुतक?"

मी सगळं लिहून घेतलं. अक्षर वाकडं आहे, हसू नकोस. तो कागद गाठोड्यात सगळ्यात वर ठेवला. तिनं विळा घेतला आणि पेट्यांसाठी गवत कापायला वावराच्या धुऱ्याकडे गेली.

उरलेलं गाठोडं मी जिवंत असेपर्यंत पेटीत जाणार नाही. आणि जे कागद गेले, त्यांतल्या बायांना पुन्हा विचारायला उद्या रामाकोन्याला निघतो. दुपारपर्यंत बांधावर उभा राहीन. बुढा पागल झाला म्हणतील, ढेकळं मारतील. मारू देत. "मग?" एवढं तर मला विचारता येतं.

तुझा घाबरट,
मामंजी