कापलेला आवाज

दादा,

आपल्या विनोदी सिनेमाचा दुसरा भाग सुरू झालाय. तुझ्या जागी आलेला मेकअपमन कॅमेऱ्यामागे गप्प उभा राहतो. तू तिथे फिसकन हसायचास आणि माझं रेकॉर्डिंग वाया जायचं. दिग्दर्शक मात्र म्हणायचे, "दादा हसला, म्हणजे सीन जमला." आता प्रत्येक टेक स्वच्छ येतो आणि जमला की नाही, कुणालाच कळत नाही.

तू गेल्यावर वहिनीने तुझं हसणं मागितलं. माझ्याकडे एकच टेक उरला होता. त्यात तुझ्या हसण्यापाठोपाठ मी ओरडलोय, "याला बाहेर काढा." त्यानंतर तू सेटवर आलाच नाहीस.

माझं ओरडणं कापून मी तिला ते दिलं. ती रोज ऐकते आणि म्हणते, "भावजी, किती सुखात होते हो ते तिथे."

तुझा धाकटा