रशीदभाई ओट्यावर का गेले

धुळे, शुक्रवार, संध्याकाळ

शेजारचे रशीदभाई उद्या हजला निघणार. त्याआधी सगळ्यांची माफी मागायची रीत, म्हणून आज आले. बोलता बोलता नमाजाची वेळ झाली. "इथेच पढा," मी म्हणालो, पण समोर देवघर आणि आईच्या कपाळावर आठी. ते उठून ओट्यावर गेले. दुखावले का? एवढं संस्कृत शिकून साधं यजमानपण जमू नये.

परतले ते हसतच. "जेरुसलेमला ख्रिस्ती धर्मगुरू खलिफा हजरत उमरना म्हणाले, चर्चमध्येच नमाज पढा. ते बाहेर पढले. मागून आपल्या लोकांनी त्या जागेवर हक्क सांगू नये म्हणून. माझ्या नातवांचा काय भरवसा, पंडितजी?"

म्हणजे ओटा आमच्यासाठी निवडला होता. असा शेजार मिळाला, देवाचे उपकार.

आई म्हणाली, "ओटा तं तुमनाच शे, भाऊ. नातूसले सांगू द्या हक्क."