घंगाळात मशीन

१२ मार्च १९७३

आली! तलावाची खोली मोजाची नवी मशीन आज मानोऱ्याच्या बसच्या टपावरून उतरली. अन् तलावात पानी नाही! आमची जुनी सरकारी नाव कोरड्या गाळात बसली, तिच्या सावलीले गावचे मोठे शेतकरी शेषरावबापू, त्यायच्या बकऱ्या. साहेब म्हने, "जुनी मशीन काढ, नवी बसव, चालवून पाहा." म्या म्हनलं, "साहेब, पानी?" म्हने, "ते आपल्या हातात हाय का?" अन् खातं कोनतं? पाटबंधारे! हसू दाबता दाबता पोट दुखलं.

१४ मार्च

जुनी काढली. नावेच्या बुडाखालची तिची थाळी — जिच्यातून ती पान्यात आवाज सोडते — उपसली तं हे मोठं भोक! नवीची थाळी लहान. फटीत लाकूड ठोकलं, वरून डांबर. नाव बुडाची भीती नाही — बुडाले पानी लागते. जुनी मशीन घरी आनली. गोदामात जागा नाही म्हने.

१५ मार्च

पंची, माही बायको, मशीन पाहून म्हने, "हे खाते काय?" या दुष्काळात घरी येनाऱ्या सगळ्यायले ती हेच इचारते. दिवसभर नदीतल्या झिऱ्यावर बसते, वाटी-वाटीनं घागर भरते. बापूच्या हिरीले आपल्या वस्तीचा हात चालत नाही; आधी त्यायचा गडी वरून ओते, आपन खाली घागर धरो, प्याचं असलं तं ओंजळ. यंदा तेबी बंद. आज तिच्या टाचेतून रगत निघत होतं. मले पाहावलं नाही.

१८ मार्च

मामाजी — पंचीचे बाप, ग्यानबा — मशीनभोवती फेऱ्या मारून राह्यले. "वस्तीची सोताची हीर खंदाची हाय. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी. हिले इचारून जागा सांग."

म्या सांगतलं, मामाजी, हे नावेतून चालते, पान्यातच चालते, पानी किती खोल तेवढं सांगते.

"पान्यात बसून पानी कोनालेबी सापडते! त्याच्यासाठी सरकार येवढी मशीन घेईन? येडा समजतं का मले?"



१९ मार्च

साऱ्या वस्तीत बोंब — देवमन नोकरीले लागला अन् शेफारला. मशीन बापूसाठी लपवली म्हन्ते! लई राग आला. पंचीबी बोलत नाही.

२५ मार्च

हारलो. बंडीत मशीन अन् बॅटरी, मांगं सारी वस्ती. वस्तीमांगच्या आंब्यापाशी ठेवली. नुसती टिकटिक! कागद कोरा.

मामाजी म्हने, "तिले पानी लागते म्हनलं ना तू? मंग दे पानी!" कोनतरी घंगाळ आनलं. पंची तेवढ्यात झिऱ्यावरून दोन घागरी घेऊन येत होती. मामाजीनं तिच्या डोक्यावरूनच उतरवल्या अन् दोन्ही घंगाळात! थाळी बुडवली. सुईनं काळी रेघ ओढली. टाळ्या! "पाहा! लागलं!" म्या म्हनलं, "हे घंगाळाचं बूड लागलं, मामाजी." आयकते कोन!

मंग पंचीचं तोंड दिसलं अन् टाळ्या थांबल्या. "सकाळपासून भरून राह्यली होती मी..." रडलीच. अन् एकदम कंबर कसून घंगाळ कलंडवलं. थाळी भुईवर, पानी गपकन भेगीत!

"खंदा इतंच! माह्या दोन घागरी मले वापस पाहिजे! तवरोक कोनाच्याच घरी चूल पेटनार नाही, सांगून ठेवते!"

जागा ठरली. मशीनले पुन्हा इचाराची कोनाची छाती झाली नाही.

३० मार्च

मुरूम. हाताले फोड.

११ एप्रिल

पोहरादेवीची जत्रा. साहेब नवी मशीन पाहाले येनार होते, पन बसमंदी पाय ठेवाले जागा भेटली नाही. सुटलो!

हिरीत खडक लागला. कालपर्यंत मामाजी मशीनवर गोधडी घालत, आज शिव्या देऊन राह्यले. पंची खाली उतरून टोपले भरते. पानी नाही लागलं तं ही बाई मोडन, याचीच धास्ती वाटते.

१३ एप्रिल

पानी!! खडकाच्या फटीतून, गोड!

पंचीनं पयल्या दोन घागरी भरल्या, घरी नेऊन ठेवल्या, मंग म्हने, "आता भरा बाकीच्यायनं." उद्या जयंती. जयंतीले घरचं पानी! मी रडलो. लिहून ठेवतो, रडलो.

१४ एप्रिल

मामाजीनं भाषनात मशीनचे आभार मानले. पोरीचं नाव नाही. जेवताना पंचीनं बापाले वरन वाढलंच नाही. तीनदा मांगलं तरी नाही!

२० एप्रिल

शेषरावबापू आपल्या वस्तीत! त्यायची हीर आटली. "देवमन, तुही मशीन दे गा."

म्या खरं सांगाले तोंड उघडलं तं पंची मधातच, "न्या ना बापू. पन तिले आधी पानी लागते. घंगाळ तुमच्या घरचं आना, पानी आमच्या हिरीचं देतो."

बापूनं फेट्याचा शेव चाचपला. मंग म्हनले, "बरं."

२१ एप्रिल

बापू भर उन्हात आले, बंडीत तांब्याचं घंगाळ. पंचीनं आपल्या हिरीचं पानी ओतलं. बापू पाहतच राह्यले. तोंड सुकलं होतं. आमच्या भांड्याले हात नाही लावला त्यायनं — पंचीपुढं वाकून ओंजळ धरली.

तिनं ओतलं. वरून. जरा जास्तच वरून.