एकशेसाठ मीटरवरचा कोरिया

७ ऑगस्ट

बायकोने, मिर्नाने, शेवटी ठरवूनच टाकलं. महिनाअखेरीस ट्रक येणार. लेकीचा मोंतेविदेओचा फ्लॅट, सातवा मजला, गच्चीवर एरियलची तार बांधायला मनाई! म्हणजे रेडिओ खोक्यात.

आणि एकशेसाठ मीटरच्या रेडिओ-पट्ट्यावर कोरियाशी संपर्क अजून बाकी आहे. एकतीस वर्षं बाकी आहे. उरुग्वेत माझ्या अंगणातून सरळ खाली भोक पाडलं तर बाहेर निघेल तो देश — आणि नेमका तोच मिळत नाही. आमचा सूर्य बुडतो तेव्हा त्यांचा उगवतो. त्या दहा मिनिटांत आवाज पोचला तर पोचला.

१० ऑगस्ट

शेजारच्या उबाल्दोच्या गाईंनी ऐकायची तार तोडली. कुंपणाच्या खांबांवरून अडीचशे मीटर नेलेली! उबाल्दो म्हणाला, त्यांनाही कोरिया ऐकायचा असेल. वर हसला. माझं डोकं फिरलं होतं.

एल्विओने दुपारी जोडून दिली. रेल्वे स्टेशनच्या तारखोलीत मी तारमास्तर असताना त्याला मोर्स मी शिकवलं. पन्नाशीला आला, गावभर विजेची कामं करतो, पण मला अजून मास्तरच म्हणतो. या हिवाळ्यात रोज संध्याकाळी येतो. दुसरा हेडफोन लावून शेजारी बसतो, माते, आमचा कडू पाल्याचा चहा, पितो.

१५ ऑगस्ट

ग्वांगजूचा एक कोरियन आज पट्ट्यावर होता म्हणे. मला नुसती खरखर. एल्विओला विचारलं, तर म्हणाला, "आज काही खरं नाही, मास्तर."

डाव्या कानाने कमी ऐकू येतं, ते त्याला सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.

१९ ऑगस्ट

खरखर.

२३ ऑगस्ट

मिळाला!!

सहा वाजून आठ मिनिटं. आधी कोर्दोबाचा एक उतावळा कोरियनच्या डोक्यावरच पुकारत बसला. ऐकायचं नाही, नुसतं बोलायचं! तो गप्प झाल्यावर मी एकदाच पुकारलं आणि थांबलो. कोरियनने माझ्या कॉलसाइनची अर्धीच अक्षरं घेतली. मी सावकाश पुन्हा दिली. मग त्याने सगळी बरोबर परत पाठवली, पुढे सिग्नल कसा येतोय त्याचे आकडे — तीन, तीन, नऊ. मी माझे दिले. संपलं. दीड मिनिटही नाही.

एल्विओने मला मिठीच मारली. मी कच्च्या कागदावरून वहीत शाईने उतरवलं.

२४ ऑगस्ट

झोप नाही. इथे तरी खरं लिहावं.

मी ऐकलं का? एल्विओचं बोट टेबलावर मोर्स वाजवत होतं. माझं कॉलसाइन, मग तीन, तीन, नऊ — ते बोट मला स्वच्छ आठवतं. कानातलं काही आठवत नाही. त्याच्या माझ्यापेक्षा तरुण कानांनी ऐकलं आणि मी त्याच्या बोटावरून उतरवून घेतलं. दुसरं काय!

आम्हा रेडिओवाल्यांत नियम एकच. स्वतःच्या कानाने ऐकलं तेवढंच वहीत. हा नियम मीच त्याला शिकवला, एकदा त्याने एका आकड्याचा अंदाज केला म्हणून त्याचं पान फाडलं होतं. पोरगा रडला होता.

२५ ऑगस्ट

सुट्टी, चौकात बँड. मी ओळीवर रेघ मारली. पट्टी लावून, सरळ. कोरियनला ईमेल केली — तो संपर्क धरू नका, मी ऐकलेला नाही. पाठवून वाईट वाटलं. फार.

२९ ऑगस्ट

एल्विओ तारा उतरवायला आला. वही खोक्यात ठेवताना त्याला ती रेघ दिसली. मग सगळं सांगितलं. कानाचंही.

त्याने तार गुंडाळून ठेवली. मग दुसऱ्या हेडफोनची पिन माझ्या हातात ठेवली. आतून तुटलेली.

"जूनपासून बंद आहे, मास्तर. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मग कशाला येतोस."

मी म्हटलं, आणि ते बोट?

"तुमची पेन्सिल चालली होती ना कागदावर. तीच वाचत होतो."

कच्चा कागद शोधला. माझंच अक्षर. तारखोलीत चाळीस वर्षं असंच — कान ऐकायचे, हात लिहायचा, मी दुसऱ्याच विचारात.

३० ऑगस्ट

ट्रक आज दहाला येतोय. कोरियनला दुसरी ईमेल केली — तो संपर्क धरा, मीच ऐकलाय. रेघेखाली ओळ पुन्हा लिहिली, शाईने.