बाभळीची साल, मूठमूठ

१२ नोव्हेंबर
आली आणि गेली. संघमित्रा, माझी नात. तिच्या जळगावच्या कॉलेजात दात किडवणाऱ्या, हिरड्या सुजवणाऱ्या जंतूंवर झाडपाल्याचं औषध शोधायचंय, म्हणून आमच्या बांधावरची बाभूळ आठवली. बाभूळ आठवली — आजी नाही!
किती साल लागेल विचारलं. म्हणे, देशील तेवढी. मूठभर दिली. म्हटलं, "झाड म्हातारं शे. बठ्ठं सोललं तं वाळी जाई."
सगळं सोललं तर कुठलंही वाळेल, पण हे झाड कसलं म्हातारं! माझ्या डोळ्यांदेखत वाढलंय. सायन्स शिकलेली पोर, पण एवढं खोटं गिळलं. मूठ संपली की येईल परत.

१५ नोव्हेंबर
सवयीनं दोन भाकरी थापल्या. एक कुत्र्याला.

२९ नोव्हेंबर
संपली साल. आली!
या खेपेला माझ्या हिरड्यांवरून कापसाची काडी फिरवली, बाटलीत घातली, कागदावर माझी सही घेतली. दुखऱ्या तोंडातले जंतू लागतात म्हणे. मी म्हटलं, तुझ्या बापाचे घे, त्याच्या तोंडात काय कमी किडे आहेत! बाप म्हणजे माझा देवचंद. बायकोला घेऊन सुरतेला गेला, पोर माझ्याकडे ठेवली. बारावीपर्यंत माझ्याच कुशीत झोपली. देवचंद आता सणावाराला फोन करतो.
ती समजावत होती. काचेच्या बशीत खळीसारखं काही थिजवतात, त्यावर जंतू पसरतात, मधे सालीच्या काढ्यात बुडवलेली कागदाची टिकली. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती स्वच्छ कडं दिसतं, तिथं जंतू वाढत नाहीत. जेवढं कडं मोठं तेवढा काढा जोरदार. मी म्हटलं, मग झालं की, बाभळीचं दातण सगळ्यांना वाट. तर म्हणे, काचेत मरतात ते तोंडात मरतीलच असं नाही.
ते मला सांगते. जन्मभर बाभळीचंच दातण केलं, तरी दाढा गेल्याच.
बसमधून हात केला. मी केला नाही. हातात टोपली होती.

४ डिसेंबर
माझे जंतू जळगावला तिच्याजवळ राहतात. ती त्यांना उबेत ठेवते, खायला घालते. सकाळी उठून आधी त्यांचं तोंड बघते.
मी इथं.

११ डिसेंबर
साक्रीच्या बाजाराला गेले. येताना उगाच स्टँडवर बसले. जळगावची बस लागली, रिकामी झाली.

२१ डिसेंबर
आली, पण तोंड उतरलेलं. कडं एकदा मोठं येतं, एकदा लहान. दर खेपेची साल वेगळी — एकदा बुंध्याची, एकदा कोवळ्या फांदीची, ती पण नीट न वाळलेली. सर वैतागलेत. बंगळूरच्या मोठ्या लॅबला एकच मुलगी पाठवणार. कामाचा मेळ बसला तर ही.
मी विचारलं, "आणि नाही बसला तं?"
"मग इथंच. तुझ्याजवळ."
हसली. मी पण हसले. आणि निघताना परत मूठभरच दिली. लाज वाटली नाही.

२२ डिसेंबर
वाटली.

२ जानेवारी
शेजारच्या जीवरामला बोलावून बाभळीच्या दोन जाड फांद्या पाडल्या. तो म्हणे, अक्का, सरपण पाहिजे होतं तर मी आणून दिलं असतं. म्हटलं, सरपण नाही, नात लांब पाठवायची आहे. माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही मी भ्रमिष्टच झाले.
साल मीच सोलली. बोटांत काटे मोडलेत. एका झाडाची, एका दिवसाची, सगळी सावलीत पसरली. चांगली गोणीभर होईल.
फोन केला, वाळली की न्यायला ये. म्हणाली, "मूठभरच ना?" मी फोन ठेवला.
बुंध्याला हात लावला नाही. झाड जगेल. आता तिला यायला काही कारण नाही.

९ जानेवारी
गोणी बघून पोर उंबऱ्यावरच बसली. मग म्हणाली, "आजी, सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एकदम गोणी आण म्हणून. मीच तुला मागितली नाही."
भवानी.
गोणीचं तोंड सुतळीनं शिवलं. दोन टोकं दोघींनी धरली, स्टँडपर्यंत.